लोकमान्यांचा मधुमेह आणि एक रक्ततपासणी

मागच्या वर्षीची गोष्ट. गौरीविसर्जनाच्या संध्याकाळी आरती झाली, मोदकांची ताटे फिरू लागली, आणि आमचे एक जुने सहकारी खिशातून घडी घातलेला कागद काढत माझ्याजवळ येऊन बसले. गृहस्थ रेल मिलमधून निवृत्त झालेले, अंगाने सडसडीत, नऊ वर्षांपासून शुगरचे पेशंट आणि त्यातली शेवटची दोन वर्षे इन्सुलिनवर. नाव न घालण्याच्या अटीवर त्यांनी हे लिहायला परवानगी दिली आहे. कागद सी-पेप्टाइड नावाच्या रक्ततपासणीचा होता. आकडा ०.४ आणि त्यापुढे कमी असल्याचा शेरा. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. शुगरच्या पेशंटचे सगळे आकडे कमी आलेले बरे, असा साधा हिशेब त्यांनी केला होता. त्या आनंदात दोन दिवसांपासून संध्याकाळचे इंजेक्शन बंद होते आणि नुकतेच दोन मोदकही पोटात गेले होते.

मी डॉक्टर नाही. माझी सारी नोकरी प्लांटच्या लॅबमध्ये हॉट मेटलचे आणि स्लॅगचे नमुने तपासण्यात गेली. पण तपासणीत काय मोजले आहे हेच ठाऊक नसेल तर आकडा कमी की जास्त याला काही अर्थ नसतो, एवढे लॅबने शिकवले होते. त्यांना तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी येईलच.

यंदा संपादक मंडळाने लोकमान्यांवर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले. चरित्र पुन्हा वाचायला घेतले आणि एका जागी थांबलो. ज्यांच्यामुळे आपण दरवर्षी मांडव घालतो त्या टिळकांना स्वतःला मधुमेह होता. हे मी शाळेत वाचले नव्हते, आणि भाषणातही कधी ऐकले नव्हते. मग ठरवले की यंदा लोकमान्यांची हीच बाजू लिहावी आणि तिच्या अनुषंगाने त्या रिपोर्टचा अर्थही सांगावा. औषधपाण्याचा भाग डॉक्टर मंडळींकडून समजून घेऊनच लिहिला आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक. १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि कुटुंब पुण्यात आले. थोड्याच काळात आई गेली आणि सोळाव्या वर्षी वडिलांचेही छत्र हरपले. मुलगा बुद्धीने तल्लख, पण शरीराने किरकोळ. डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी एक विलक्षण निर्णय घेतला. पहिले वर्ष अभ्यासाला नव्हे तर शरीराला द्यायचे. रोजचा व्यायाम, पोहणे, नाव वल्हवणे आणि त्यावर भरपूर आहार असा क्रम त्यांनी वर्षभर चालवला. परिणामी परीक्षेत नापास झाले, पण शरीर कमावले. पुढचे सगळे तुरुंग, प्रवास आणि जागरणे त्या एका वर्षाच्या शिदोरीवर निभावली असे चरित्रकार मानतात. मलाही तसेच वाटते.

१८७६ मध्ये बी. ए., १८७९ मध्ये एलएल. बी. मग १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ चे केसरी आणि मराठा, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज आणि १८९० मध्ये तिथून राजीनामा. १८९३ पासून गणेशोत्सव सार्वजनिक रूप घेऊ लागला, त्याला टिळकांनी केसरीतून बळ दिले. हा सारा इतिहास आपल्या स्मरणिकेत अनेकदा येऊन गेला आहे, म्हणून वेगाने पुढे जातो.

१८९७ मध्ये पहिला राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी लागली. तुरुंगाच्या अन्नाने प्रकृती फार खालावली. मॅक्सम्युलरसारख्या विद्वानांनी सरकारकडे रदबदली केली आणि सप्टेंबर १८९८ मध्ये, म्हणजे साधारण वर्षभराने, सुटका झाली. सुटून आलेले टिळक ओळखू येत नव्हते इतके खंगले होते, पण सिंहगडाच्या हवेत पुन्हा उभे राहिले.

दुसरा खटला १९०८ चा. २४ जून रोजी मुंबईत सरदारगृहात अटक झाली. तोपर्यंत मधुमेह जडलेला होता. जामीन नाकारला गेला. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून निषेध केला. आधी साबरमती आणि मग सप्टेंबरमध्ये समुद्रमार्गे रंगून आणि तिथून मंडाले. पुढे शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत झाले.

मंडालेची कोठडी लाकडी पट्ट्यांची, पिंजऱ्यासारखी. उन्हाळ्यात धूळ आणि उष्म्याचा कहर, थंडीत वारा आरपार. अशा ठिकाणी बावन्न वर्षांचा मधुमेही माणूस सहा वर्षे काढणार होता. आज आपल्याला शुगर निघाली की डॉक्टर, गोळ्या, ग्लुकोमीटर, डाएटची चिठ्ठी असे सगळे एका आठवड्यात हाताशी येते. टिळकांजवळ काय होते? लघवीत साखर उतरते की नाही हे पाहण्याची तपासणी आणि पथ्य. एवढेच. औषध म्हणावे असे जगात कुणाजवळच नव्हते.

पथ्य त्यांनी कोर्टात बाजू मांडावी तितक्याच काटेकोरपणे पाळले. भात आणि गहू बाजूला ठेवून जवाच्या पिठावर भर दिला. स्वयंपाकाला महाराष्ट्रातलाच एक कैदी दिला होता, त्याच्या हातून हे पदार्थ होत. कोकणातल्या माणसाने भात सोडायचा म्हणजे काय, ते आपल्या घरातल्या कोकणी मंडळींना विचारा! आज आहारतज्ज्ञ सांगतात की जवातला तंतुमय भाग साखर रक्तात हळूहळू उतरू देतो. त्या काळी याचे कारण कुणाला ठाऊक नव्हते, पण गुण येत होता. दुखणे आटोक्यात राहिले.

आणि त्या आटोक्यात राहिलेल्या दुखण्यावर केवढे काम उभे राहिले! फ्रेंच, जर्मन आणि पाली यांचा अभ्यास झाला. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या पाच महिन्यांत पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. हाच ग्रंथ पुढे माधवराव सप्रे यांनी हिंदीत आणला. १९०० साली आपल्या छत्तीसगडातल्या पेंड्रा इथून छत्तीसगढ मित्र काढणारे आणि १९०८ मध्येच नागपूरला हिंदी केसरीपायी अटक भोगणारे ते सप्रे. रायपूर-भिलाईच्या मराठी माणसाने हे नाते विसरू नये. मंडालेत असतानाच जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची तार आली. एवढा आघात झाल्यावरही पथ्य आणि लेखन चालू राहिले.

आता थोडे थांबून त्या काळच्या वैद्यकाकडे पाहू. १८६९ मध्ये, टिळक पुण्यात शाळेत असताना, बर्लिनच्या पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे पाहिली. ती कशासाठी आहेत हे त्याला सांगता आले नाही. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग इथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. म्हणजे मंडालेच्या तुरुंगातल्या डॉक्टरला एवढे कळू शकत होते की स्वादुपिंडातून काहीतरी कमी पडते आहे. पण माझ्यासमोरच्या या कैद्याच्या स्वादुपिंडात ते किती शिल्लक आहे, हा प्रश्न त्याला विचारताही आला नसता. मोजायचे काय, तेच माहीत नव्हते.

माझ्या सहकाऱ्याच्या हातातला कागद नेमके याच प्रश्नाचे उत्तर होता.

आपण सगळे भिलाईचे, तेव्हा ब्लास्ट फर्नेसवरून सांगतो. फर्नेसमधून हॉट मेटल निघते तसा स्लॅगही निघतो. एकाच फर्नेसमधून, एकाच वेळी, एका हिशेबाने. समजा हॉट मेटल लगेच लॅडलमधून निघून गेले आणि मोजायला हाती लागलेच नाही, तरी पडलेला स्लॅग पाहून अंदाज बांधता येतो. उलट कुणी बाहेरून तयार लोखंड आणून ओतले तर आपल्या स्लॅगमध्ये एक किलोचीही भर पडणार नाही.

स्वादुपिंडात तसेच घडते. तिथल्या बीटा पेशी आधी एक लांब साखळी तयार करतात, तिला प्रोइन्सुलिन म्हणतात. १९६७ मध्ये शिकागोच्या डोनाल्ड स्टाइनर यांनी ती दाखवून दिली. या साखळीतला मधला जोडदुवा कापला जातो. दोन टोके मिळून ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन बनते आणि कापलेला ३१ अमिनो आम्लांचा दुवा म्हणजे सी-पेप्टाइड. इन्सुलिनचा एक रेणू तर सी-पेप्टाइडचाही एकच, दोन्ही एकदमच रक्तात सोडले जातात. आपल्या स्लॅगचे प्रमाण कच्च्या मालाप्रमाणे थोडे मागेपुढे होते. इथे मात्र हिशेब चोख एकास एक.

मग सरळ इन्सुलिनच का मोजत नाहीत? मोजता येते. न्यूयॉर्कच्या रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास ती पद्धत शोधली. त्यासाठी यालोंना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांचा वाटा हुकला. पण पेशंटसाठी ती मोजणी अडचणीची ठरते. तयार झालेल्या इन्सुलिनपैकी जवळपास निम्मे यकृतच पहिल्या फेरीत वापरून टाकते, आणि उरलेले रक्तातून काही मिनिटांत नाहीसे होते. शिवाय पेशंट इन्सुलिनची इंजेक्शने घेत असेल तर रक्तात सापडलेले घरचे किती आणि बाटलीतले किती, याचा उलगडा सोपा राहत नाही. सी-पेप्टाइडला यकृत फारसे हात लावत नाही, ते अर्धा तास वगैरे टिकते, आणि इन्सुलिनच्या बाटलीत ते नसतेच. म्हणून रक्तात जेवढे सी-पेप्टाइड, तेवढी स्वतःची निर्मिती.

आकड्यांबद्दल. उपाशीपोटी निरोगी माणसात हा आकडा साधारण १ ते ४ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या आसपास असतो. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, म्हणून आपल्या रिपोर्टवर छापलेलीच पाहावी. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटर हे एकक वापरतात, तिथे १ नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ०.३३ नॅनोमोल. एकक न पाहता दोन रिपोर्टांची तुलना करणे म्हणजे टनांची क्विंटलशी तुलना करणे. मधुमेह असलेल्या माणसात आकडा ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ संपले असे समजतात, मग बाहेरून देण्यावाचून इलाज नाही. १.८ च्या वर असेल तर निर्मिती बऱ्यापैकी चालू आहे, पण शरीर तिला दाद देत नाही. मधले आकडे संभ्रमाचे, तिथे डॉक्टर इतर तपासण्या करतात किंवा काही काळाने पुन्हा मोजतात.

म्हणजे आमच्या सहकाऱ्याचा ०.४ हा आकडा आनंदाचा नव्हता. तसा जास्त आकडाही पेढे वाटण्याचा नव्हे. फर्नेस पूर्ण ताकदीने चालू आहे आणि तरी मिलला माल पुरत नाही, असा त्याचा अर्थ.

या तपासणीचे काही कावेही आहेत. सी-पेप्टाइडचा निचरा मूत्रपिंडातून होतो, म्हणून किडनी अधू असेल तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो. त्यासाठी क्रिएटिनिन जवळ ठेवूनच तो वाचावा. रक्त घेतले त्या वेळी साखर फार उतरलेली असेल तर स्वादुपिंड आपोआप गप्प बसते आणि आकडा कमी येतो. साखर बरेच दिवस फार चढलेली असेल तरी बीटा पेशी थकून तात्पुरत्या मंदावतात. म्हणून त्याच वेळची शुगर बरोबर मोजतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, काही यंत्रांत त्याने आकडा बिघडतो. आणि मधुमेह आहे की नाही हे ठरवण्यासाठी ही तपासणी नाहीच, त्यासाठी शुगर आणि एचबीएवनसी आहेत. तिचा उपयोग, असलेला मधुमेह कोणत्या जातीचा आहे हे कळण्यासाठी.

नुसत्या अंगकाठीवरून जात ओळखता येत नाही, हे विशेषतः आपल्या लोकांच्या बाबतीत खरे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की पुण्यात जन्मणारी बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबी तुलनेने टिकून असते आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त सापडते. म्हणजे दिसायला बारीक माणूसही आतून जाड असू शकतो. बारीक आहे म्हणून इन्सुलिन कमी, जाड आहे म्हणून जास्त, हा अंदाज आपल्याकडे सहज चुकतो. मोजून पाहावे हेच खरे.

आता पुन्हा लोकमान्यांकडे. त्यांचे सी-पेप्टाइड कुणी मोजलेले नाही. पण चरित्रातले दिवस मोजता येतात. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी ज्याचे स्वतःचे इन्सुलिन पूर्ण संपले आहे असा पेशंट बहुधा वर्ष-दोन वर्षेच काढी. टिळक १९०८ नंतर बारा वर्षे जगले, आणि कसे जगले! जून १९१४ मध्ये मध्यरात्री गायकवाडवाड्यात परतले. १९१५ मध्ये गीतारहस्य छापून निघाले. १९१६ मध्ये होमरूल लीग आणि लखनौ करार, गावोगावी सभा. सप्टेंबर १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी विलायतेला गेले, खटला हरले, तिथेच राजकीय काम केले आणि १९१९ च्या अखेरीस परतून अमृतसर काँग्रेसला हजर. स्वादुपिंड काही ना काही माल देत असल्याशिवाय आणि पथ्याने त्याच्यावरचा भार हलका ठेवल्याशिवाय हे होणे नव्हते. हा माझा तर्क. आजचा डॉक्टर कदाचित दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणेल, पण रक्ताचा नमुना समोर नसताना कुणीही छातीठोक सांगू नये.

जुलै १९२० मध्ये ते मुंबईला सरदारगृहात उतरले होते. बारा वर्षांपूर्वी अटक झाली ते हेच सरदारगृह. मोटारीतून फिरून आल्यावर हुडहुडी भरली, ताप आला, तो हटेना, पुढे न्यूमोनिया झाला. संसर्ग झाला की शरीराला इन्सुलिन जास्त लागते. ज्याचे स्वादुपिंड काठावर चालले आहे त्याला ही वाढीव मागणी पुरवता येत नाही, साखर चढते आणि चढलेल्या साखरेत जंतू फोफावतात. आज अशा पेशंटला डॉक्टर पहिल्या तासात इन्सुलिन आणि अँटिबायोटिक दोन्ही सुरू करतात. तेव्हा दोन्ही नव्हती. ३१ जुलैची मध्यरात्र उलटली आणि १ ऑगस्ट १९२० च्या पहिल्या तासात लोकमान्य गेले. वय चौसष्ट. भर पावसात लाखोंच्या साक्षीने चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते.

त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे, कॅनडातल्या फ्रेडरिक बँटिंग या तरुण सर्जनला झोप येईना. त्याने उठून वहीत स्वादुपिंडावरच्या एका प्रयोगाची कल्पना टिपून ठेवली. १९२१ च्या उन्हाळ्यात त्याने आणि चार्ल्स बेस्टने टोरांटोत ते प्रयोग केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, तीसेक किलो वजनाच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले आणि महिना संपण्यापूर्वी त्याची साखर उतरली. टिळकांच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाच्या आतली ही गोष्ट. वाचताना हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

आमच्या सहकाऱ्यांनी त्या रात्री फोन केला म्हणून बरे झाले. शुगर ४०० च्या वर गेली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन लगेच सुरू करायला लावले, दुसऱ्या दिवशी बोलावून लघवीत किटोन तपासले, आणि सी-पेप्टाइड इतके कमी आणि अंगकाठी बारीक म्हणून जीएडी अँटिबॉडी नावाची आणखी एक तपासणी केली. ती पॉझिटिव्ह निघाली. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या बीटा पेशी हळूहळू मारत जाते असा हा प्रकार, तो पन्नाशीनंतरही होऊ शकतो आणि पहिली काही वर्षे गोळ्यांवर भागल्यामुळे साधा मधुमेहच वाटतो. गोळ्यांनी काम का होत नव्हते याचा उलगडा त्यांना नऊ वर्षांनी झाला. इतकी वर्षे ते स्वतःला पथ्यात कमी पडणारा माणूस समजत होते, आणि घरचेही त्यांना तेच ऐकवत होते. रिपोर्ट समजल्यावर वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले, ते यामुळे.

उलट आमच्याच ओळखीच्या एका वहिनींचा आकडा ३.२ निघाला. त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, सकाळचे चालणे बांधून दिले आणि सहा महिन्यांत इन्सुलिनची मात्रा हळूहळू निम्मी केली. तपासणी एकच, पण निर्णय अगदी उलट. म्हणून एकाचा रिपोर्ट पाहून दुसऱ्याने औषध बदलू नये, आणि इन्सुलिन तर स्वतःच्या मनाने कुणीच थांबवू नये.

यंदा आरतीची वेळ ठरवताना कार्यकारिणीने त्या सहकाऱ्यांना विचारून घेतले. आठला आरती, त्याआधी मांडवामागच्या खोलीत त्यांचे इंजेक्शन, आणि मग जेवण. मोदक वाटायला ते उभे राहणार आहेत. स्वतः एक खाणार, डॉक्टरांनी युनिट सांगितले आहेत तेवढे धरून.